गोव्यातली व्हिस्की डिस्टिलरी टूर: गोदामासाठी जा, टेस्टिंगसाठी नको

डिस्टिलरीचं नाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगतो. पुढे थोडी तक्रार करणार आहे, आणि बायकोचं म्हणणं की दारूच्या कंपनीची फुकट जाहिरात करायची तुला काय हौस. दक्षिण गोव्यात आहे, मडगावच्या खाली, एवढं पुरे.

जाणारे आम्ही चौघं. मी, बायको (पीत नाही, अजिबात नाही), ताईचा मुलगा वय २३, आणि मामा. मामा म्हणजे लालबागचे आमचे मामा, मूळ वेंगुर्ल्याचे, बेस्टमध्ये ३४ वर्षं कंडक्टर, आता ७२ चे, रविवारी दुपारी जेवणाआधी दोन पेग आणि वर्षातून एकदा गणपती विसर्जनानंतर तीन, असा कडक हिशोब. सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) वगैरे प्रकार त्यांना माहीत नाही, त्यांच्या लेखी व्हिस्की म्हणजे कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमधली क्वार्टर. त्यांना न्यायचं ठरलं कारण भाच्याला एकट्याने माझ्यासोबत पाठवायला ताई तयार नव्हती, मामा असतील तर लक्ष राहील म्हणाली. पुढे कोणी कोणावर लक्ष ठेवलं ते येईलच.

रात्रीची कोकणकन्या पकडली दादरहून. सकाळी सावंतवाडी आली तसे मामा उठून दारात जाऊन उभे, स्वतःच्या गावाला न उतरता पुढे जायचं हे त्यांना पटतच नव्हतं. मडगावला उतरून पोटाला पाव-भाजी घातली (गोव्याची पातळ वाटाण्याची भाजी, आपल्या जुहूची नव्हे) आणि दिवसभरासाठी टॅक्सी केली. हे मात्र नक्की करा, गोवा म्हणून स्कूटर भाड्याने घेऊन टेस्टिंगला जाऊ नका, येताना चालवणार कोण.

गेटवर पहिलाच राडा. आत बंद बूट पाहिजेत म्हणे. मामांच्या पायात चपला. बुकिंगच्या मेसेजमध्ये बुटांचा ब सुद्धा नव्हता, आणि गेटवरचा माणूस नियम तर नियम म्हणून अडून बसला. नियम चूक नाही हो, आत दारूची वाफ असते, ओलं फरशीकाम असतं, मोबाइलसुद्धा स्टिल हाउसच्या (दारू उकळतात ती जागा) बाहेर ठेवून घेतात ठिणगीच्या भीतीने, ते सगळं मान्य, पण आधी कळवा ना. शेवटी कुठून तरी सेफ्टी शूज आले, मामांना दोन नंबर मोठे, आणि अख्खी टूर मामा फटाक फटाक आवाज करत फिरले. गाइड एक तरुण मुलगी होती, गोव्याचीच, कोंकणी-मराठी-हिंदी-इंग्लिश सगळं एका वाक्यात. मामांचे बूट बघून तिलाच वाईट वाटलं आणि तिथून तिचं आणि मामांचं जे जमलं ते जमलंच.

सुरुवात बार्लीपासून. म्हणजे आपला सातू. आपल्याकडची बार्ली सहा ओळींची असते, स्कॉटलंडमध्ये आता बहुतेक दोन ओळींची वापरतात. सहा ओळींच्या कणसात दाणा बारीक, साल आणि प्रोटीन जास्त, पीठ कमी, म्हणून तेवढ्याच धान्यातून दारू कमी निघते पण चव जाड येते असं ती म्हणाली. मग माल्टिंग समजावायला लागली, दाणा भिजवायचा, मोड आणायचे, मोड जरा आले की वाळवून थांबवायचं, आणि बायको एकदम म्हणाली, "अहो हे तर नाचणीचं सत्त्व!" अगदी तेच. आई नाचणी भिजवून फडक्यात बांधून मोड आणायची, सावलीत वाळवायची, दळायची, आणि त्याची पेज साध्या नाचणीपेक्षा गोड लागायची. मोड येताना दाण्यात जे एन्झाइम तयार होतं ते पिठाची साखर करतं, म्हणून गोड. आपण ते बाळाला पाजतो, स्कॉटिश लोक पुढे आंबवतात, एवढाच फरक. वाळवताना पीट नावाची, दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याची माती जाळून धूर दिला की धुरकट व्हिस्की, नुसत्या गरम हवेवर वाळवलं की साधी. गाइडने ताबडतोब "मॅडम, मी उद्यापासून हेच उदाहरण देणार" असं जाहीर केलं. बायको तिथून पुढे जरा फुगलेलीच होती.

त्यानंतर मोठमोठी भांडी. भरडलेला माल्ट साधारण ६४ डिग्रीच्या पाण्यात कालवतात, गोड पाणी खाली काढून घेतात, ते थंड करून यीस्ट टाकतात आणि तीनेक दिवस आंबू देतात. आंबवणाच्या टाकीचं झाकण उघडून वास घ्यायला सांगितला, भाचा हिरो बनून पूर्ण वाकला आणि कार्बन डाय ऑक्साइड नाकात जाऊन असा मागे फेकला गेला की विचारू नका. लांबून हाताने वारा घेऊन वास घ्यायचा असतो. वास कसा, तर आंबलेलं इडलीचं पीठ, पिकलेलं केळं आणि ताडी यांच्या मधला. या टप्प्याला अल्कोहोल ७-८ टक्के, म्हणजे हॉप्सची कडवट फुलं न घातलेली बिअरच.

इथे मामा पहिल्यांदा बोलले. डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "बोंडूच्या रसाक असोच वास येता." (बोंडू म्हणजे काजूचं फळ.)

मग स्टिल हाउस. अंगावर येणारी गरमी, मुंबईतल्या मे महिन्यात दुपारी लोकलच्या डब्यात असते तशी, आणि समोर तांब्याची दोन अवाढव्य भांडी. आजोळी न्हाणीघरात बंब असायचा ना, तो घ्या, दुमजली करा, वर हंसासारखी मान काढा. मामांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि अख्ख्या ग्रुपला ऐकू जाईल एवढ्या जोरात, "अरे मेल्या, ही तर आमची भट्टीच!" गाइड हसून लोटपोट, कारण तिच्या आजोबांची पण फेणीची भाटी होती. मग दोघांची जुगलबंदी. फेणीला बोंडू तुडवून रस काढायचा, आंबवायचा, एकदा उकळला की हुर्राक, परत चढवला की फेणी. इथेही तसंच, एकदा उकळून वीस-पंचवीस टक्क्यांची पातळ दारू, ती दुसऱ्या भांड्यात चढवली की सत्तरच्या आसपास. तांबं का, तर आंबवणातले गंधकाचे वास ते धरून ठेवतं, स्टीलमध्ये केली तर सडक्या अंड्याकडे झुकणारी निघेल.

पण एका मुद्द्यावर मामा अडले. गाइड म्हणाली, दुसऱ्या उकळणीची पहिली धार बाजूला काढतो, मधली ठेवतो, शेवटची पण बाजूला. मामा म्हणाले पहिल्या धारेची फेकता? आमच्याकडे पहिल्या धारेची म्हणजे मानाची! तिने समजावलं की फेकत नाही, पहिलीत नाकाला झोंबणारं, पटकन उडणारं रसायन जास्त असतं, म्हणून पहिली आणि शेवटची परत पुढच्या घाण्यात घालतो, बाटलीत जाते ती फक्त मधली. कुठे कापायचं ते ऑपरेटर ठरवतो, एका काचेच्या पेटीत धार दिसत असते आणि पेटीला कुलूप, कारण जुन्या काळापासून सरकारचा कर चुकवून कोणी मधल्यामध्ये चाखू नये. मामा त्या कुलपाकडे बराच वेळ बघत होते. "बॅगेक पण आमच्या असाच कुलूप होता," म्हणाले. आयुष्यभर लोकांकडून नेमके पैसे घेऊन डेपोत भरणारा माणूस, त्याला बरोबर कळलं.

तिथेच तिने आमच्या तळहातावर ताज्या दारूचे चार थेंब टाकले. पाण्यासारखी स्वच्छ, रंग शून्य. हात चोळून वास घ्यायचा. आधी नुसता झटका, मग दहा सेकंदांनी बिस्किटाच्या कारखान्यासमोरून बस गेल्यावर यायचा तो वास. रंग आणि निम्म्याहून जास्त चव लाकडाच्या पिंपातून येते हे वाचून माहीत होतं, पण हातावर घेतल्याशिवाय पटत नाही. मामांनी तिच्या हातातली छोटी बाटली मागून घेतली, बूच धरून खसाखसा हलवली आणि उजेडाकडे धरली. बुडबुडे किती मोठे आणि किती वेळ टिकतात यावरून कडकपणा ओळखायचा. फेणी हा शब्दच मुळी फेन, म्हणजे फेस, यावरून आलाय म्हणतात. मामा म्हणाले, "साठाच्या वर आसा." बाटलीवरची चिठ्ठी बघितली, ६३! पिंपात भरताना पाणी घालून एवढ्यावर आणतात. ग्रुपमधल्या दिल्लीच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, मामा फटाक फटाक करत पुढे.

आता गोदाम. यासाठी जायचं, बाकी नाही झालं तरी चालेल.

दार उघडलं आणि कोणी काही बोललंच नाही मिनिटभर. अंधार, दमट, आणि वास... गूळ, ओलं लाकूड, व्हॅनिला, जुन्या कपाटात ठेवलेली केळी, सगळं एकदम. दर श्वासाला थोडी थोडी पितोय असं वाटतं, आणि ते खरंच आहे, कारण पिंपातली दारू सतत उडत असते. अमेरिकेत बर्बनला (तिथली मक्याची व्हिस्की) नवंकोरं जळवलेलं ओकचं पिंपच लागतं असा कायदा आहे, म्हणून एकदा वापरलेली पिंपं ते विकून टाकतात आणि ती अशी जगभर फिरतात. एक पिंप साधारण २०० लिटरचं. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोनेक टक्के उडते, आपल्या कोकणपट्टीच्या उकाड्यात आठ टक्के आणि वर. इंग्रजीत याला देवदूतांचा वाटा म्हणतात.

मामांना तेवढं पुरे झालं. तिकिटं फाडल्यासारखी बोटं हलवत चालू: दोनशे, एकशे चौऱ्याऐंशी, एकशे एकोणसत्तर, एकशे छप्पन, एकशे त्रेचाळीस, एकशे बत्तीस. "पाच वर्षांत अडुसष्ट लिटर गेली. तिसरो हिस्सो!" भाच्याने मोबाइल बाहेर ठेवलेला म्हणून कॅल्क्युलेटर नाही, मी नंतर टॅक्सीत तपासलं, बरोबर होतं. म्हणूनच आपल्या सिंगल माल्टवर १२ वर्षं, १८ वर्षं असले आकडे सहसा दिसत नाहीत, चार-सहा वर्षांतच तयार होते, जास्त ठेवली तर लाकूडच चावल्यासारखी लागेल आणि पिंपात उरेल तरी किती. बंगलोरच्या अमृतवाल्यांनी त्यांच्या आठ वर्षं मुरवलेल्या व्हिस्कीला ग्रीडी एंजल्स, म्हणजे हावरे देवदूत, असंच नाव दिलेलं. (ती कंपनी १९४८ मध्ये काढली ती जगदाळ्यांनी, आडनाव बघा, आणि त्यांनी आपली सिंगल माल्ट आधी बाजारात आणली कुठे तर २००४ मध्ये ग्लासगोला, थेट स्कॉटलंडच्या घरात. हिंमत आहे.)

देवदूत वगैरे मामांना मान्य नाही. "राखणदाराचो मान तो," म्हणाले. कोकणातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, गाव राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, वर्षाचा कोंबडा आणि थोडी दारू देतात. "पण आमचो राखणदार एवढी पिना नाय." असं म्हणून त्यांनी शेजारच्या पिंपाला हळूच हात लावून तो छातीला लावला, कोणी बघत नाही असं समजून.

आम्ही तिथे अजून अर्धा तास थांबलो असतो. पण आठ-दहा मिनिटांत बाहेर काढलं, कारण मागे एका ऑफिसच्या ट्रिपची बस येऊन उभी होती. इथून गडबड सुरू.

टेस्टिंग रूम एसीची, झगमगीत, भिंतीवर मेडलं. चार ग्लास, ट्यूलिपच्या आकाराचे, प्रत्येकात एक मोठा चमचाभर. आमची गाइड बसवाल्यांकडे गेली आणि इथे आला दुसरा माणूस, कार्ड वाचून दाखवणारा. "ट्रॉपिकल फ्रूट, टॉफी, लाँग फिनिश, नेक्स्ट." अरे श्वास तरी घेऊ दे. चार व्हिस्क्या पंधरा मिनिटांत, म्हणजे लग्नाच्या बुफेत मागचा माणूस ताट टेकवत असतो तसं. पाण्याचे थेंब घालून परत वास घ्यायचा असतो, नाक थोडं थांबवायचं असतं, ते कुठलं आलंय. आणि पिंपातून थेट काढलेली, पाणी न घातलेली कास्क स्ट्रेंग्थ फक्त महागड्या पॅकेजवाल्यांना, हे तिथे बसल्यावर कळलं. बुकिंग करताना दोन पॅकेजमध्ये फरक काय तर "प्रीमियम अनुभव" एवढंच लिहिलेलं.

तरी चवीबद्दल सांगतो. पहिली साधी, मध आणि सातूच्या पिठाची, ठीक. दुसरी भारी, खजूर, मनुका, शेवटी सुंठ, ४६ टक्क्यांची. ४६ च्या खालच्या व्हिस्कीत गारठ्याने गढूळपणा येतो म्हणून बऱ्याच कंपन्या ती थंड करून गाळून घेतात, त्यात थोडी चव पण जाते, ही न गाळलेली होती. तिसरी विसरलो, खरंच विसरलो. चौथी पीटवाली. कार्डवर लिहिलेलं कॅम्पफायर. मला होळीच्या दुसऱ्या दिवशी शर्टाला येतो तो वास आला, भाचा म्हणाला आयोडेक्स, आणि मामांनी घोट तोंडात फिरवला, गिळला, थोडं थांबले आणि म्हणाले, "चुलीवर बोंबील भाजल्यावर भिंतीक वास येता तो." कार्डवाल्याला भाषा कळली नाही, पण हे वर्णन कार्डापेक्षा शंभर पट बरोबर आहे.

भाच्याची गंमत राहिली. गोव्यात वय २१ चालतं, आपल्याकडे व्हिस्कीला २५ लागतं, त्यामुळे कायद्याने तो इथे मोठा आणि दादरला छोटा. पण मामांसमोर ग्लास उचलेना. पाठ फिरवून प्यायला लागला. मामा म्हणाले, "सरळ बस रे, चोरून पितोय्स तर चव काय कळतली." ताईला हे सांगू नये असं ठरलेलं आहे, ती हे वाचत नाही अशी आशा.

कार्डवाल्याने एक गोष्ट मात्र सांगितली ज्याने मामांचा दिवस खराब झाला. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांचा मूळ माल मळीपासून, म्हणजे उसाच्या रसातून साखर काढून उरतो त्या काकवीसारख्या गाळापासून केलेला स्पिरिट असतो, त्यात थोडी माल्ट आणि रंग, आणि युरोपात असल्या मालाला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. मामा गप्प. मग माझ्याकडे वळून, "म्हणजे मी चाळीस वर्षां रमच पीत होतंय?" तांत्रिकदृष्ट्या तसं नाही मामा, म्हटलं, पण जवळपास.

बायकोची तक्रार तिच्या वतीने लिहितो कारण ती रास्त आहे. न पिणाऱ्याला पण पूर्ण तिकीट. टूरचे घ्या ना, पण टेस्टिंगचे कशाला? तिला काय मिळालं तर पाण्याची बाटली आणि खारे काजू. गोव्यात बसून एक ग्लास कोकम सरबत द्यायला काय जात होतं. तिने तिचे चार ग्लास मला देऊ का विचारलं तर म्हणे पॉलिसी नाही. मामांनी सुचवलेलं की तिने ग्लास घ्यायचे आणि वास घ्यायचा, तिने ते केलं, आणि खोटं नाही सांगत, वास सगळ्यात नीट तिनेच ओळखले. दुसरीला ती "दिवाळीच्या फराळाचा डबा उघडल्यावर" म्हणाली.

पैसे किती, तर चौघांचे मिळून दादरच्या चांगल्या मालवणी हॉटेलात आठ सुरमई थाळ्या आल्या असत्या. गोदाम आणि गाइड यासाठी मला जास्त वाटले नाहीत, टेस्टिंगसाठी वाटले. तशी टेस्टिंग तर चार मित्रांनी मिळून एक चांगली बाटली काढून घरी आरामात करता येते, पाहिजे तेवढा वेळ, काजूपेक्षा चांगला चकणा. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची पहिली टूर घ्या, बस यायच्या आधीची. बूट घाला. साधं पॅकेज घेऊ नका, किंवा फोन करून कशात काय येतं ते शब्दाशब्दाने विचारून घ्या. आणि शक्य असेल तर सोबत असा कोणीतरी म्हातारा न्या ज्याने भट्टी बघितली आहे.

तिथल्या दुकानात दुसऱ्या नंबरवाली बाटली मुंबईपेक्षा बरीच स्वस्त होती. भाचा म्हणाला दोन घेऊ. मामांनी हात धरला. फक्त गोव्यात विक्रीसाठी असं लेबलवर लिहिलेलं असतं, तो माल परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणला की गुन्हा, बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे तो काय शोभेला नाही, आणि ट्रेन म्हणजे सूट असं काही नसतं. चौतीस वर्षं विनातिकीट लोकांना खाली उतरवणारा माणूस, त्याच्यासोबत असताना असला विचार पण करू नये. टी-शर्ट घ्या म्हणून दुकानवाला मागे लागलेला, तो घेतला नाही.

परत आल्यावर पुढच्या शनिवारी परळला वाइन शॉपमध्ये तीच बाटली घेतली, महाराष्ट्राचा कर भरून, भाव ऐकून मीच जरा मागे सरकलो. काउंटरवर परमिट वगैरे काही विचारलं नाही. पोऱ्याने बाटली कागदात गुंडाळायला घेतली तसे मामा म्हणाले थांब, ती त्याच्या हातातून घेतली, खसाखसा हलवली आणि ट्यूबलाइटकडे धरून बुडबुडे मोजायला लागले. मागे शनिवार संध्याकाळची पंधरा माणसांची लाइन.